बांध कुठं होता

रानाचा आराखडा तयार होऊन आला तेव्हा कागदावर माझ्या साडेतीन एकरांची वरची कड कोरीच होती. बाकी सगळं रंगवलेलं. ज्वारी गडद हिरवी, हरभरा पोपटी, खालचा ओढा निळा, विहिरीला गोल. वरच्या अंगाला नुसती पेन्सिलची रेघ आणि तिच्यावर प्रश्नचिन्ह. मी तिसरी शिकलेला माणूस. वाचायला मला वेळ लागतो, पण प्रश्नचिन्ह लगेच ओळखू येतं.

हे आराखड्याचं काम दिवाळी झाल्यावर आमच्या गावात सुरू झालं. पाणलोटवाली माणसं आली. दोन-चार एकरवाल्या प्रत्येकाच्या रानात पाणी कुठून येतं, कुठं जातं, माती कुठून वाहते, झाडं किती, फवारणी कशाची, सगळं एका एका कागदावर काढायचं आणि त्याप्रमाणं बांध, गवत, झाडं करायची असं ठरलं. धाराशिवाहून एक बाई स्कूटीवर यायची. चाळिशीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली, बोलायला चटपटीत. पहिल्या दिवशी तिनं देवळासमोर रांगोळीनं गावाचं शिवार काढायला घेतलं. माणसं भोवती उभी, जो तो आपलं रान दाखवतोय.

मी लांब उभा होतो. बोलावल्याशिवाय मी पुढं होत नाही. पण त्यांनी ओढा असा काढला की पाणी चढावरून चाललेलं. ते काही मला बघवेना.

"पाणी डोंगर चढवताय व्हय?" मी लांबूनच म्हणालो.

बाई वळली. "बाबा, मग तुम्हीच काढा की," म्हणाली आणि रांगोळीचा डबा माझ्यापुढं धरला. रांगोळीला मी जन्मात हात लावलेला नाही.

"तात्या, आता बांगड्या बी भरा," मागून एक जण म्हणाला. सगळे हसले.

मी बाभळीची काटकी घेतली आणि जमिनीवर ओरखडे ओढत गेलो. ओढा काढला. ओढ्याला मिळणारे नाले काढले. जोराचा पाऊस झाल्यावर घटकाभरच वाहतात, अशा वाटासुद्धा काढल्या. बाईनं विचारलं, "कितवी शिकलात, बाबा?"

"तिसरी. पण पाणी बघाया साळा लागत न्हाय."

मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. घरची गेल्यापासून मला कुणी काही विचारलं, असं झालंच नव्हतं. मग काटकी माझ्या रानाच्या वरच्या कडेला आली आणि तिथं माझा हात थांबला.

"तिथं बांध नका काढू, पोलीस चौकी काढा," मघाचाच बोलला. पुन्हा सगळे हसले. दोघं तेवढे हसले नाहीत. एक मी. आणि दुसरा समोरच्या बाजूला उभा असलेला, ज्याचं रान माझ्या रानाच्या वर आहे तो.

त्याला मी वरचा म्हणतो. तो मला खालचा म्हणत असणार. आम्ही एकाच वर्षी शाळेत गेलो आणि एकाच वर्षी शाळा सोडली. आमच्या बापांच्या वेळी दोन्ही रानांच्या मधला बांध एवढा रुंद होता की त्याच्यावरून बैलगाडी जायची. बांधावर मारवेल गवत, दोन बोरी आणि एक मोठं हिवराचं झाड. दुपारी दोघंही त्या हिवराखाली भाकरी सोडायचो. त्याच्या घरची चटणी तिखटजाळ असायची, माझ्या घरचं बेसन बरं असायचं. अदलाबदल ठरलेली. कधी भांडण झालं तरी जेवण एकत्रच.

बांध कसा जातो ते शहरातल्या माणसाला कळणार नाही. कुणी चोरून नेत नाही. नांगर धरलेला माणूस कडेला आला की त्याचा हात आपोआप बांधाकडं झुकतो. एका तासाएवढं, म्हणजे नांगराच्या एका रेघेएवढं, गवत नांगराखाली येतं. पुढल्या वर्षी त्याच्या पलीकडचं तास. त्या वर्षी तिथं दोन ओळी जास्त पेरल्या जातात आणि माणसाला वाटतं, आपण दोन ओळींचे धनी झालो. वरच्यानं वीतभर कोरला की मी वीतभर कोरायचा. मी कोरला की तो. तोंडानं दोघंही म्हणायचो, बांध त्यानं खाल्ला. घरची म्हणायची, "दोघं बी उंदरावानी कुरतडताय. एक दिवस मधे काय बी ऱ्हानार न्हाय." मी म्हणायचो, "तुला रानातलं काय कळतंय?" तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

हिवराची मुळं दोन्हीकडून उघडी पडली. वाऱ्यानं एक दिवस तो आडवा झाला, माझ्या ज्वारीत. मी लाकूड तोडून घरी आणलं. वरचा दारात आला. "अर्धं लाकूड माझं," म्हणाला.

"पडलंय माझ्या रानात."

"मुळ्या माझ्या रानात व्हत्या."

"मग मुळ्या ने."

तेव्हा मला हे उत्तर फार झ्याक वाटलं होतं. त्याच दिवशी बोलणं बंद झालं. अकरा वर्षं.

अकरा वर्षं आम्ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राबलो. तो कधी येतो, कधी पाणी पितो, कधी मोटार चालू करतो, मला न बघता कळायचं. त्याचा खोकला मला त्याच्या पोरांपेक्षा जास्त ओळखीचा. चार वर्षांमागं घरची गेली. मयतीला तो आला होता, चारचौघांत उभा राहिला आणि चारचौघांबरोबर निघून गेला. पोरगी मुरुम गावात दिलेली. ती फोन करते, "जेवलाव का?" विचारते. मी "जेवलो" म्हणतो. तिचाही संसार आहे. त्यानंतर दिवसच्या दिवस असे जायचे की माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. घसा धरल्यासारखा व्हायचा. मग विहिरीवर जाऊन उगाच मोटारीला शिव्या घालायच्या.

गेल्या भाद्रपदात एका दुपारी असा पाऊस झाला की समोरचं दिसेना. हातभर उरलेला बांध मधोमध फुटला. वरच्याच्या रानातलं सगळं पाणी एका जागेतून माझ्यावर आलं. त्याची माती माझ्या सोयाबीनवर आणि माझी माती ओढ्यात. पाऊस उघडल्यावर बघितलं तर कंबरभर खोल घळ पडलेली. तिचं तोंड विहिरीच्या दिशेनं. पुढच्या पावसाळ्यात ती विहिरीला भिडणार आणि विहीर गाळानं भरणार, हे सांगायला कुणी साहेब नको होता.

म्हणून ती बाई टेप घेऊन माझ्या रानात आली तेव्हा मी तिला हाकललं नाही. आधी तिनं कागदावरचे प्रश्न विचारले. शेणखत किती, बी घरचं का विकतचं, आणि फवारणीच्या रिकाम्या बाटल्या कुठं टाकता.

"वड्यात," मी म्हणालो.

"आणि खाली गुरं कुठं पाणी पितात?"

मी ओढ्याच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. तिनं लिहून घेतलं. मग ओढ्याच्या कोपऱ्यात हद्दीचा जुना दगड आहे, तिथून तिनं टेप धरली आणि जुन्या नकाशात बघत बघत वर आली. टेप हरभऱ्यातच थांबली. बांध अजून पाच हात पुढं होता.

"बाबा, बांध इथं पाहिजे."

"टेप ढिली धरली असशील."

तिनं ताणून धरली. तेवढंच. तिसऱ्यांदा मी स्वतः धरली. तेवढंच.

"बांध वर सरकलाय," ती म्हणाली.

"बांध काय जनावर हाय, चालाया?"

"न्हाय ना? मग कुणी चालवला?"

मी तिच्याकडं बघितलं नाही. टेपेच्या आधीपासून मला माहीत होतं. माझ्या पायाला माहीत होतं. त्या पाच हातांतली माती अजून वेगळी लागते, खाली गवताच्या जुन्या मुळ्यांची जाळी आहे.

तिनं समजावून सांगितलं. नवा बांध जुन्या हद्दीवर होणार. बूड आठ फूट. दोघांनी चार चार फूट सोडायचे. वर मारवेल लावायचं, झाडं लावायची, आणि पाणी सुटायला दगडाचा एकच सांडवा, तो घळीपासून लांब, सरळ ओढ्याकडं. हरभरा निघाला की मशीन येईल. पण दोघांची संमती पाहिजे. एकाची सही नसली तर मशीन हे रान सोडून पुढं जाईल, आणि पावसाच्या आत परत फिरणार नाही.

"तो काय म्हनतोय?" मी विचारलं.

बाई जरा घुटमळली. "ते म्हणतात, मी सही करतो. फक्त त्यानं एकदा माझ्या तोंडावर सांगावं, बांध कुठं होता."

"मग ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. म्हणून कागदावर ते प्रश्नचिन्ह आलं.

मी ठरवलं, घळ आपली आपण बुजवायची. ओढ्यातून पाटीनं दगड आणायचे आणि घळीत आडवे रचायचे. आठ दिवस मी तेच केलं. दगड बसवायला मला चांगलं येतं, आमच्या विहिरीचं वरचं बांधकाम माझ्या हातचं आहे. पाटी डोक्यावर चढवायला मात्र माणूस लागतो. मी ती आधी ओढ्याच्या काठावर ठेवायचो, मग खाली वाकून डोकं पाटीखाली घालायचो. कंबरेएवढी भिंत झाली. नवव्या दिवशी सकाळी गेलो तर भिंत ढासळली होती. खालची माती पोकळ झालेली, तिनं भार घेतला नाही. दगड घळीत विखुरलेले. वरचा बांधावर येऊन उभा होता. त्यानं भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गेला. हसला असता तर बरं झालं असतं.

पोरीचा फोन आला. "बाबा, सही करून टाका ना. हीर जाईल."

"सही माझी हाय."

"व्हय, आणि हीर बी तुमचीच हाय," ती म्हणाली आणि तिनंच फोन ठेवला. घरचीसारखं बोलायला लागलीय हल्ली.

तेवढ्यात येळवस आली. मार्गशीर्षाची अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुणी राहत नाही, सगळे रानात. कडब्याची खोप करायची, पाच दगड चुन्यानं रंगवून त्यांना पांडव म्हणून आत मांडायचं, पूजा करायची, शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील करायची, जो भेटेल त्याला जेवायला ओढून आणायचं. घरची होती तोवर आमच्या खोपीत वीस-वीस माणसं जेवायची. ती गेल्यावर तीन वर्षं पोरगी आली. या वर्षी तिच्या सासूला बरं नव्हतं. म्हणाली, "शेजारच्या कुणाच्या खोपीत जावा, बाबा." मी म्हणालो, "माझं रान असताना दुसऱ्याच्यात कशाला जाऊ?"

आंबील मीच केली. ज्वारीचं पीठ ताकात भिजवलं, लसूण ठेचून घातला. गुठळ्या झाल्या. त्या मी बोटांनी फोडल्या. एकट्यापुरत्या दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी. खोप मात्र मी चांगली मोठी केली. लहान खोप करायला मला लाज वाटली. पूजा केली आणि खोपीत बसलो. आत एवढी जागा की आपल्याच श्वासाचा आवाज येत होता. वरच्या रानात त्याच्या लेकी-सुना, नातवंडं, पाव्हणे, हसणं, भांड्यांचे आवाज. सगळ्या शिवारात तेच चाललेलं. माझ्याच खोपीत शांतता होती.

जेवायच्या आधी चर शिंपायची असते. मडक्यात आंबील घ्यायची आणि पानानं शिंपत रानाच्या चारी कडांनी फिरायचं. पुढच्यानं हाळी द्यायची, मागच्यानं साथ द्यायची. माझ्या मागं कुणी नव्हतं, म्हणून मी मुक्यानंच निघालो. आई सांगायची, कड सोडून आत शिंपू नये, रानाचं तेवढं अंग उपाशी राहतं. आणि हद्दीच्या बाहेर शिंपू नये, ते दुसऱ्याच्या ताटात हात घालणं आहे. मी तीन बाजू शिंपल्या. ओढ्याकाठच्या कडेला दोन-चार रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या, माझ्याच. त्या उचलून खोपीपाशी ठेवल्या. मग वरच्या कडेला आलो.

अकरा वर्षं मी तिथं अगदी बांधाला खेटून शिंपत होतो. म्हणजे पाच हात दुसऱ्याच्या ताटात. त्या दिवशी माझा पाय तिकडं जाईना. खरं सांगायचं तर मी काही ठरवलं नव्हतं. टेप थांबली होती त्या जागी मी वळलो आणि उभ्या हरभऱ्यातून चालायला लागलो. हरभऱ्याची आंब पायाला झोंबत होती. एक ओळ तुडवली गेली. मी शिंपत चाललो.

समोरून वरचा येत होता. तोही चर शिंपत होता, बांधाच्या पलीकडून. मागं त्याची सून साथ द्यायला. मला हरभऱ्यात बघून तो थांबला. सुनेला म्हणाला, "तू हो म्होरं."

ती गेली. आम्ही दोघंच राहिलो. मधे फुटका बांध आणि पाच हात हरभरा.

"काय रं, डोळं गेलं का तुझं? बांध हिकडं हाय," तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

सकाळपासून कुणाशी बोललो नव्हतो. खाकरलो आणि म्हणालो, "बांध हितं व्हता."

"कुठं?"

"हितं. माझ्या पायाखाली."

"मोठ्यानं बोल."

"तुला आलंय ऐकू. पुन्यांदा न्हाय बोलणार."

त्यानं मडकं या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाला, "वरल्या कोपऱ्याला म्या बी दोन हात खाल्लाय. बाईनं तिथं टेप लावली न्हाय, तू बी बोलला न्हाईस."

"मला ठावं हाय."

"ठावं हाय, तर बोलला का न्हाईस?"

"बोलणं बंद व्हतं ना."

तो हसला का खोकला ते मला कळलं नाही. माझ्या मडक्यात वाकून बघितलं. "ही आंबील हाय का भिंतीचा गिलावा?"

"शिंपाया चालती."

"रानाला चालंल. मानसाला देऊ नगंस," म्हणाला आणि शिंपत पुढं गेला.

त्यानं मला जेवायला बोलावलं नाही. मीही बोलावलं नाही. मी खोपीत येऊन माझ्या दोन भाकरी खाल्ल्या. कुणाला वाटेल, एवढं झालं म्हणजे सगळं मिटलं. तसं होत नाही. संध्याकाळी सगळ्यांनी रानातून पेटते पलिते फिरवले. त्याच्या नातवंडांचे पलिते वरच्या कडेनं धावताना दिसत होते. मी माझा पलिता पेटवलाच नाही. एकट्यानं पळायचं वय राहिलेलं नाही.

चौथ्या दिवशी बाई आली. वरच्याची सही आधीच झालेली होती. माझ्याकडं कागद दिला. मी माझं नाव लिहितो, अंगठा करत नाही. नाव लिहायला वेळ लागला, ती थांबली. झाडं कुठली लावायची असंही तिनं विचारलं. मी बोर म्हणालो. वरच्यानं सीताफळ सांगितलेलं होतं. "बोरीच्या सावलीत त्याचं पीक जाईल," ती म्हणाली.

"मग त्याच्या बाजूला सीताफळ लावा, माझ्या बाजूला बोर."

"आणि मुळ्या कुणाच्या?" तिनं विचारलं. तिला कुणीतरी सगळं सांगितलेलं दिसत होतं.

हरभरा निघाल्यावर मशीन आलं. सकाळपासून माती ओढत होतं, टाकत होतं, दाबत होतं. दुपारी बांध गुडघाभर झाला होता. वरचा त्याच्या बाजूला भाकरी घेऊन बसला, मी माझ्या बाजूला. मधे ओली माती. मशीनच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, आणि त्याचं मला बरंच वाटत होतं, कारण बोलायचं काय हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत पाऊस, भाव, पोरं, सगळं एकमेकांना न सांगताच होऊन गेलं होतं.

मशीनवाला जेवायला उतरला. एकदम शांत झालं. वरचा भाकरीचा तुकडा हातात धरून मातीकडं बघत म्हणाला,

"वैनीला शेवटाला लई तरास झाला का रं?"

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पोरीनंसुद्धा नाही, तिला विचारवत नसेल.

"झाला," मी म्हणालो. आणि मग कुणालाही न सांगितलेलं ते सगळं सांगायला लागलो. मशीनवाला जेवून परत आला, मशीन चालू झालं, मला ओरडून बोलावं लागलं, तरी सांगत राहिलो.